घेतलं म्हटल्याशिवाय

गोष्ट सुरू झाली ती खुर्च्यांवरून.

त्या दुपारी दवाखान्याच्या तळमजल्यावर कौतुक सोहळा होता. साथ ओसरली होती, बाहेरच्या रांगा पुन्हा साध्या खोकल्या-पडशाच्या झाल्या होत्या, आणि साहेब लोकांना एकाएकी आठवलं होतं की साथीत राबलेल्यांचे आभार मानायचे राहूनच गेलेत. मग काय, घाई उडाली. फुलांचे गुच्छ आले, छापील प्रशस्तिपत्रं आली, माइकवाला आला. खुर्च्या तेवढ्या कमी पडल्या.

"अक्का," व्यवस्थापक साहेब म्हणाले, "वरच्या विश्रांती कक्षातल्या चार खुर्च्या आणवता का खाली? तिथे तसंही कुणी बसत नाही."

बोलण्यात टोमणा होता, पण खोटं काही नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचा मागचा वॉर्ड साथीत भरून वाहत होता. साथ गेली तसा तो बंद पडला. पुढे कुणीतरी सुचवलं म्हणून त्याला नवा रंग दिला, पडदे लावले, मऊ कोच आणले, चहाचं मशीन ठेवलं आणि दारावर पाटी लावली की ही खोली कर्मचाऱ्यांच्या आरामासाठी. चांगलंच केलं होतं. पण तिथे कुणी टेकेल तर शपथ. पोरी जिन्यात पाय दुमडून बसत, लिफ्टमागच्या बोळात भिंतीला डोकं लावून डुलक्या काढत, औषधांच्या खोक्यांवर मान टाकत. वर मात्र जात नसत. यांना सुख बोचतं, असं साहेबांचं मत झालं होतं.

अक्का म्हणजे दवाखान्याच्या मुख्य सिस्टर. आवाज करडा, चाल ताठ, आणि नजर अशी की शिकाऊ मुली लांबूनच टोप्या सारख्या करीत. आज त्यांचा नोकरीचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी मुलगी न्यायला येणार होती, कायमची आपल्या घरी. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला. आईच्या अगदी उलटी. सुई दिसली तरी तिचे डोळे पांढरे व्हायचे. उभ्या जन्मात तिने या दवाखान्याच्या फाटकाच्या आत पाय टाकला नव्हता. लहानपणी ती एकदा रडत म्हणाली होती, "आई, तू घरी येतेस, पण येतच नाहीस." ते अक्का विसरल्या नव्हत्या. काल रात्री फोनवर तिने बजावलं होतं, "उद्या सगळं तिथेच सोडून यायचं हं. येताना बरोबर काही म्हणजे काही आणायचं नाही." अक्कांनी कबूल केलं होतं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट पोरीने मागितली होती, आणि ती द्यायची असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

खुर्च्या उचलायला त्यांनी साफसफाईच्या मावशींना हाक मारली. मावशी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर अडल्या.

"अक्का, मी वर नाही येत. काय बोलायचं ते बोला."

"का गं? गुडघे?"

"गुडघे धड आहेत." मावशींनी आवाज खाली आणला. "तिथं पाठ टेकली ना, की कुणीतरी कानाशी बोलायला लागतं. हळू... तोंडावर फडकं धरून बोलल्यासारखं. एकेक सांगतं, आणि मग थांबतं."

"थांबतं म्हणजे?"

"वाट बघतं."

"कशाची?"

"ते कळलं असतं तर दिलं नसतं का आम्ही?" मावशींचे डोळे भरून आले होते. "भीती नाही वाटत हो तशी. वाईट वाटतं. पण बसवत नाही."

वाट बघतं, हा शब्द अक्कांना कुठेतरी लागला. कठडा धरून त्या एकट्याच वर चढू लागल्या.

का लागला, ते सांगायला हवं. नर्सची ड्युटी घड्याळाने संपत नाही, ती चार्ज दिल्यावर संपते. जाणारी मुलगी येणारीला खाटेखाटेशी नेते आणि सांगते, हा कोण, याला काय झालंय, काय दिलंय, काय द्यायचं राहिलंय. सगळं ऐकून येणारी म्हणते, "घेतलं." मग जाणारी मोकळी. हे सगळीकडेच असतं, पण या दवाखान्यात अक्कांनी त्याला धर्मासारखं करून ठेवलं होतं. नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगत, "समोरचीच्या तोंडून घेतलं ऐकल्याशिवाय वॉर्डातून पाय काढायचा नाही. आग लागली तरी नाही." मुली त्यांच्यामागे नक्कल करून हसायच्या, पण नियम पाळायच्या.

सगळ्यात जास्त हसायची ती चिमणी. एवढीशी मुलगी, सतत चिवचिव, म्हणून चिमणी. साथीत सगळे पांढऱ्या किटमध्ये गुंडाळलेले, कोण कुठला कळायचं नाही. बाकीचे पाठीवर निळ्या पेनने नाव लिहायचे. ही चिमणीचं चित्र काढायची. पेशंट वाचू शकले नाहीत तरी ओळखतील, म्हणायची. चार्ज देतानाही तिची तऱ्हा वेगळी. खाटेचा नंबर कधी सांगायची नाही.

"नंबर सांग गं आधी," अक्का ओरडायच्या.

"अक्का, नंबराला कुठे तहान लागते? आजोबांना लागते." आणि पुढे सुरू, खिडकीजवळचे आजोबा, भिंतीकडच्या काकू, शिंपीदादा.

अक्का वरवर रागवायच्या. मनातून ही पोर त्यांना पोटच्या मुलीइतकी आवडायची, कदाचित थोडी जास्तच, आणि त्याचं त्यांना अपराधीही वाटायचं.

साथ अगदी भरात असताना एका दिवशी चिमणीची ड्युटी संपली, पण तिला सोडवायला येणारी मुलगी तापाने फणफणली होती. तिच्या जागी अक्काच जायच्या, तर खुद्द अक्कांनाच खालच्या वॉर्डात ऑक्सिजन लावलेला. चिमणीने मावशींबरोबर निरोप धाडला, "अक्कांना सांगा, काळजी करू नका. मी आहे." ती रात्रभर होती. दुसऱ्या दिवशीही होती. मग दारापाशी कोसळली. तिथल्याच खाटेवर तिला निजवलं, आणि त्या खाटेवरून ती पुन्हा उठली नाही. अक्का हिंडत्याफिरत्या होऊन वर गेल्या, तोवर वॉर्ड रिकामा झाला होता. आजोबाही नाहीत, काकूही नाहीत. धुतलेल्या गाद्या उन्हात उभ्या करून ठेवलेल्या. अक्कांना त्या दिवशी रडूसुद्धा आलं नाही. पुढेही आलं नाही. कामच इतकं होतं.

त्यानंतर आज त्या या मजल्यावर येत होत्या.

दार लोटलं. पडदे ओढलेले होते, त्यामुळे भर दुपारी आत तिन्हीसांजेसारखा उजेड होता. नव्या रंगाचा वास. कोच कोरे, त्यांच्या पाठीवरचं प्लॅस्टिकही काही ठिकाणी काढलेलं नव्हतं. चहाचं मशीन घूं घूं करत होतं. खालच्या हॉलमधून माइकची खरखर ऐकू येत होती, "हॅलो, हॅलो". अक्कांनी एक खुर्ची ओढली, आणि मग, का कोण जाणे, तिच्यावर बसल्या. पाय दुखत होते. इतक्या वर्षांचे पाय होते ते. त्यांनी पाठ टेकली, डोळे मिटले.

चहाचं मशीन बंद पडलं.

आधी वास आला. रंगाच्या वासाखालून हळूहळू वर आला... सॅनिटायझरचा, घामेजल्या रबराचा, तासन्‌तास अंगावर राहिलेल्या किटचा. तो वास ज्याने घेतलाय तो जन्मात विसरत नाही. मग प्लॅस्टिक चुरचुरलं. कुणीतरी पावलं घासत, फार दमून चालत आलं आणि खुर्चीमागे उभं राहिलं.

अक्कांनी डोळे उघडले नाहीत. उघडवेनातच.

"खिडकीजवळचे आजोबा," आवाज म्हणाला. मास्कच्या आडून, कोरड पडलेला. "उशी उंच लागते... नाहीतर जीव घाबरा होतो. चष्मा ड्रॉवरमध्ये आहे. दिसत नाही काही, पण हातात लागतो."

आणि थांबला.

खाली टाळ्या वाजल्या. अक्कांना भीती होतीच, नव्हती असं कोण म्हणेल? पण भीतीच्या तळाशी दुसरंच काहीतरी फुटत होतं. इतके महिने ही पोर या खोलीत येईल त्याच्या कानाशी लागून हेच सांगत होती. येणारे येत, दचकून उठत, निघून जात. तिला हवा होता एक शब्द, आणि तो इथे म्हणायचा हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि ज्यांच्या ध्यानात आलं असतं, ज्यांनी तो शिकवला होता, त्या पुन्हा एकदाही वर आल्या नव्हत्या.

"घेतलं," अक्का म्हणाल्या. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाल्या. "घेतलं गं."

मागे श्वास सुटल्याचं ऐकू आलं. लांब, थरथरता श्वास. मग ती भराभरा बोलू लागली, जशी नेहमी बोलायची.

"भिंतीकडच्या काकू. पाणी चमच्यानेच. शेजारच्या खाटेवरचे काका गेले, पहाटे... ते त्यांचे मिस्टर. काकूंना सांगितलेलं नाही. विचारतील, तर झोपलेत म्हणा."

"घेतलं."

"शिंपीदादा. मास्क काढून टाकतात. रागावू नका, हात धरून बसलं की राहतात. मुलीचं लग्नाचं झंपर शिवायचं राहिलंय, तेच बोलतात."

"घेतलं."

एकामागून एक ती सांगत गेली. कुणाला दिवा लावून ठेवावा लागतो, कुणाचा फोन उशीखाली वाजतो आणि घरचे रडतात म्हणून उचलायचा नसतो, कुणाला घरी नेतो असं खोटंच सांगितलंय. यातलं एकही माणूस आता या जगात नव्हतं. अक्का प्रत्येकाला घेतलं म्हणत होत्या, आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. राहून गेलेलं सगळं रडू आज वाट काढत होतं. खाली माइकवर साहेब म्हणत होते की या योद्ध्यांचे उपकार आम्ही कधीच फेडू शकणार नाही, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

शेवटी आवाज अडखळला.

"अजून... दाराशी एक आहे."

"कोण आहे दाराशी?"

नुसतं प्लॅस्टिक चुरचुरत होतं.

"नर्स आहे. लहान आहे तशी. फार काही करावं लागत नाही हिचं..." आवाज अगदी बारीक झाला. "हिला घरी जायचंय, अक्का."

अक्कांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मग ताठ बसल्या, पदर डोळ्यांना लावला, आणि आयुष्यभर ज्या करड्या आवाजात हुकूम सोडले त्याच आवाजात म्हणाल्या, "घेतलं. सगळं घेतलं मी. तू जा आता, बाळा. तुझी ड्युटी संपली."

पावलं निघाली. या वेळी घासत नाही, हलकी, जवळजवळ उड्या मारत. दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा कुठे अक्कांनी डोळे उघडले. पांढरी पाठ वळणावरून जाताना दिसली न दिसली. तिच्यावर निळ्या शाईची चिमणी होती, एवढं मात्र नक्की.

चहाचं मशीन पुन्हा घूं घूं करू लागलं.

खुर्च्या खाली गेल्याच नाहीत. सोहळा उभ्याउभ्याने पार पडला आणि तसा काही वाईट झाला नाही. अक्कांनाही गुच्छ मिळाला. तो त्यांनी मावशींच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "जा, वर जाऊन जरा पड."

मावशींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. काय समजायचं ते समजल्या. तासाभराने अक्का निरोप घ्यायला वर डोकावल्या तर कोचावर मावशी घोरत होत्या, दोन शिकाऊ मुली एकमेकींच्या खांद्यावर माना टाकून झोपल्या होत्या, आणि एकीच्या पायातला बूट अर्धा निघून लोंबत होता. अक्कांनी तो हळूच काढून खाली ठेवला. इतकं समाधान त्यांना कुठल्याही प्रशस्तिपत्राने दिलं नसतं.

मग त्यांनी आपला चार्ज दिला. नव्या इन्चार्जला घेऊन सगळे वॉर्ड फिरल्या, किल्ल्या मोजून दिल्या, कोणत्या कपाटाचं दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही तेही सांगितलं.

"घेतलं," नवी इन्चार्ज म्हणाली. मग हसून, "अक्का, अजून काही राहिलंय का?"

अक्कांचं तोंड उघडलं होतं. खिडकीजवळचे आजोबा, असं जिभेवर आलंही होतं. पण समोर ती पोर उभी, लग्नाला वर्षही झालेलं नाही, डोळ्यांखाली काळं. हिच्या गळ्यात ते कशाला? आणि ती माणसं आता आहेत कुठे? देणार कुणाला आणि घेणार कोण? म्हाताऱ्या मनाचे खेळ.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "जेवत जा वेळेवर."

फाटकाबाहेर मुलगी गाडी घेऊन उभी होती, नेहमीसारखी इमारतीकडे पाठ करून. "आलीस?" तिने विचारलं. "काही आणलं नाहीस ना?"

अक्कांनी दोन्ही रिकामे हात पुढे करून दाखवले. दोघी हसल्या. फाटक ओलांडताना अक्कांना क्षणभर पाय जड वाटले, चिखलातून उपसून काढावे तसे. मग मुलीने हात धरला आणि त्या बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना जाग आली तेव्हा ऊन पार पायथ्याशी आलं होतं. इतकी गाढ झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती. अंग हलकं, मन हलकं. बाहेर येऊन बसल्या तर मुलगी चहा गाळत होती.

"झोपलीस बाई एकदाची," ती म्हणाली. "रात्री काय बडबडत होतीस गं! एक माणूस झालं की दुसरं. आणि दर वेळी विचारायचीस, 'घेतलं का? घेतलं का?' उशाशी बसले, कपाळावरून हात फिरवला, तरी तेच. मला तर रडूच यायला लागलं."

"मग?"

"मग काय, मी म्हटलं, हो गं आई, घेतलं. सगळं सगळं घेतलं मी. तेव्हा कुठे शांत झालीस."

अक्कांनी कप खाली ठेवला.

"असं म्हणालीस? तोंडाने म्हणालीस?"

"अगं, तू झोपावंस म्हणून. काय बिघडलं?" मुलीने चहाचं भांडं खाली ठेवलं आणि पदराला हात पुसत ती बोलता बोलता खिडकीजवळच्या दिवाणाकडे गेली. तिने तिथली उशी उचलली, झटकली, तिच्यावर दुसरी रचली. मग हाताने दाबून पाहिली आणि आणखी थोडी उंच केली. चादरीचं टोक तिने गादीखाली दुमडलं, तिरकं, घट्ट, दवाखान्यात दुमडतात तसं. ते तिला कुणी कधी शिकवलं नव्हतं.

"काय करतेयस?" अक्कांनी विचारलं.

"उशी उंच करतेय."

"कुणासाठी?"

मुलगी थबकली. स्वतःच्या हातांकडे पाहत राहिली, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते. "माहीत नाही गं... लागते ना उंच. नाहीतर जीव घाबरा होतो."

अक्का उठल्या. धडपडत जाऊन त्यांनी मुलीचे दोन्ही हात धरले. ते थंड होते, आणि त्यांना सॅनिटायझरचा वास येत होता. "दे. परत दे मला. एकेक सांग, सगळ्यांचं सांग. मी घेते... ऐकतेस ना? मी घेते!"

मुलीने हळूच आपले हात सोडवून घेतले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. नुसता थकवा होता, रात्रभर उभं राहिलेल्या माणसाचा. आईच्या खांद्यावरून तिने भिंतीकडे पाहिलं, जिथे काहीच नव्हतं, आणि तिकडे मान हलवून 'आले हं' अशी खूण केली.

"तू जा आता, आई," ती म्हणाली. "तुझी ड्युटी संपली."

आणि कपाटातून चमचा घेऊन ती पाणी आणायला आत गेली.